खंडेनवमीच्या दोन बाटल्या

मी बावीस वर्षं कोल्हापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आहे, आणि या बावीस वर्षांत माझं फारसं काही चुकलेलं नाही. ही फुशारकी नाही. घरी विचारा, नवरा सांगेल. सिलिंडर कधी संपणार, पावणे किती वाजता टपकणार, शेजारून आलेली वाटी कुणाची, हे सगळं मी बसल्या जागेवरून सांगते आणि ते बरोबर निघतं. अशा बाईला स्वतःची चूक लिहून काढायची म्हणजे कडू काढा पिण्यातला प्रकार. म्हणून दोन वर्षं टाळलं. आता लिहिते.

चूक झाली ती दोन बाटल्यांमुळे. एकीत टर्शरी ब्युटाइल क्लोराइड आणि दुसरीत नॉर्मल ब्युटाइल क्लोराइड. नावांना घाबरायचं कारण नाही. दोन्हींत चार कार्बन, नऊ हायड्रोजन आणि एक क्लोरीन. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, दोन्हींना तोच गोडसर, नाकात चढणारा वास, दोन्ही पाण्यात मिसळत नाहीत, वर तरंगतात. जुळ्या बहिणी समोर उभ्या कराव्यात तशी गत. फरक एवढाच, की तो एक क्लोरीन कुठे बसला आहे.

वर्गात हे सांगताना मी गडहिंग्लजच्या एस्टीचं उदाहरण देते. टर्शरीमधला क्लोरीन मधल्या सीटवर बसलेला असतो. त्याच्या कार्बनला तिन्ही बाजूंनी तीन जण खेटून बसलेत. त्याला मागून ढकलायला कुणाचा हात पोचत नाही, पण त्याची गरजही नसते. गर्दीला वैतागून तो आपणहून उठतो. जागा रिकामी झाली, की पाणी असो, अल्कोहोल असो, जो जवळ उभा असेल तो बसतो. नॉर्मलमधला क्लोरीन मात्र टोकाच्या सीटवर खिडकीला टेकून ऐसपैस बसलेला. तो का उठेल? त्याला कुणीतरी पाठीमागून रेटलं, तरच तो जागा सोडतो. पोरं हसतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. मला तेवढंच हवं असतं.

कुठला क्लोरीन उठला आणि कुठला बसून राहिला, हे ओळखायला आम्ही चांदी वापरतो. अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं सिल्व्हर नायट्रेट. सीट सोडलेला क्लोरीन चांदीच्या हाती लागला, की ती त्याला सोडत नाही. दोघांचा मिळून पांढरा साका तयार होतो. टर्शरीचे दोन थेंब टाका, नळी तिथल्या तिथे ताकासारखी पांढरी होते. नॉर्मलचे टाका, नळी ढिम्म. ती गरम पाण्यात धरून बसावं लागतं, तेव्हा कुठे हळूहळू गढूळ होते. शिवाय टर्शरी एक्कावन्न अंशाला उकळते. आपण फुंकर मारून पितो त्या चहात नळी धरली, तरी तिला बुडबुडे यायला लागतील. नॉर्मलला अठ्ठ्याहत्तर लागतात. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं कळेल.

त्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात हुपरीची एक मुलगी होती. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेली, विचारल्याशिवाय न बोलणारी. सिल्व्हर नायट्रेटच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला माझं तिच्याकडे लक्ष गेलं. हे द्रावण बोटाला लागलं की दुसऱ्या दिवशी बोट काळं पडतं आणि आठवडाभर जात नाही. सगळ्या वर्गाची बोटं काळी झाली, हिची तेवढी स्वच्छ. मी विचारलं, तर म्हणाली, "आमच्यात घरचंच काम हाय, मॅडम. ल्हानपणीच लई काळी करून घेतलो बोटं."

आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, करतो, जातो, घेतलो. मी शहरातल्या शिक्षकाच्या घरात वाढलेली, मला सुरुवातीला ते खटकायचं. आता खटकत नाही.

तिच्या घरी चांदीचे पैंजण होतात. घरातल्या बायका दिवसभर कड्या जोडतात, घुंगरू लावतात. चांदी खरी की भेसळीची, हे तपासायचं काम मात्र एकट्या चुलत्याचं. त्याचं एक वेगळं टेबल, वेगळी खोली. तिथे अ‍ॅसिडच्या बाटल्या, काटा आणि खिडकीतून येणारा उजेड. गावातले लोक आपला माल त्याच्याकडून तपासून नेतात, कारण त्याने सांगितलं म्हणजे सांगितलं. या मुलीला त्या टेबलावर बसायचं होतं. दुसरं काही नको होतं. चुलत्याला आधी हसू आलं, मग तो म्हणाला, बी.एस्सी. पास हो, केमिस्ट्री घेऊन, मग बस. नापास झालीस तर आईशेजारी बसून कड्या जोडायच्या, परत विषय काढायचा नाही. आदल्या वर्षी ऐन परीक्षेत तिला टायफॉइड झाला आणि प्रात्यक्षिक राहिलं. चुलत्याने एक वर्ष वाढवून दिलं. ते शेवटचं, असंही सांगितलं.

हे तिने मला एका दुपारी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. मी तिला म्हटलं, "माझ्या हाताखाली शिकतेस, नापास कशी होशील?" हे वाक्य मी बऱ्याच जणांना म्हणते. म्हणायला सोपं असतं.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत पूजा असते. शेतकरी विळा-कुदळ मांडतो, फौंड्रीवाला यंत्राला हार घालतो, तसे आम्ही काटे, बर्नर, नळ्या, ब्युरेट मांडतो. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, वर आपट्याच्या पानांची जुळवाजुळव दुसऱ्या दिवसासाठी. या सगळ्याचे प्रमुख म्हणजे आमचे मामा. प्रयोगशाळेतले मदतनीस, माझ्याही आधीपासून इथे आहेत, आणि सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं. त्या दिवशी ते सकाळपासून एकेक बाटली ओल्या फडक्याने पुसून कपाटात लावतात. आणि त्यांचा एक नियम आहे, जो प्राचार्यसुद्धा मोडत नाहीत. पूजेला मांडलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही.

साडेअकराला सगळे जमले. आरती सुरू व्हायची, एवढ्यात मामा दोन तपकिरी बाटल्या घेऊन माझ्यापाशी आले.

"मॅडम, ह्या दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या सुटल्या की ओ. फडकं जरा जास्तच ओलं हुतं."

दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्या तळहातावर, शाई पसरून कडांना निळी डबकी झालेली. नावं वाचायला येत होती, पण कुठली चिठ्ठी कुठल्या बाटलीची, ते कुणालाच सांगता येईना. मी दोन्ही बाटल्यांची बुचं काढून वास घेतला. तोच वास. मी म्हटलं, एक नळी द्या, दोन थेंबांचं काम आहे.

"नळ्या पूजंला मांडल्यात. सिल्व्हर नायट्रेटची बाटली पण मांडलीया, वर कुंकू लावलंय. आता न्हाई हात लावायचा."

समोर सगळे ताटकळत उभे. कुणाच्या तरी हातात निरांजन. मी दोन्ही बाटल्या उजेडासमोर धरल्या. एकीत द्रव अर्ध्याच्या वर, दुसरीत तळाशी चार बोटं. आणि माझ्या डोक्यात झर्रकन उत्तर आलं. टर्शरी जास्त उडून जाणारी, कमी अंशाला उकळणारी, तेव्हा जिच्यात कमी राहिलं ती टर्शरी. विचार बिनतोड होता. आजही तो मला बिनतोडच वाटतो, फक्त खोटा होता.

मामा म्हणाले, "मॅडम, ही बाटली पोरं लई वततात बघा, म्हणून..."

"मामा, कापूर आणलात का? बघा जरा."

मी दोन नव्या चिठ्ठ्यांवर नावं लिहिली आणि चिकटवली. माझं अक्षर सुरेख आहे, वर्गातल्या मुली त्याचं अनुकरण करतात. दसऱ्यानंतर एकदा तपासून घेऊ, असं मनात येऊन गेलं. पण त्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी कपाटात दिसली, की मलाच खात्री पटायची. शिवाय या दोन बाटल्यांची प्रात्यक्षिकं दसऱ्याआधीच उरकली होती. आता त्या फक्त परीक्षेला निघणार होत्या.

परीक्षा दिवाळीनंतर. सकाळी थंडी असायची. बाहेरगावचे एक परीक्षक आले होते, साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले, शांत. प्रत्येक मुलाने एक घडी घातलेली चिठ्ठी उचलून न उघडता आमच्याकडे द्यायची, त्यावर जे नाव असेल ते आम्ही गुपचूप नळीत भरून द्यायचं, आणि मुलाने ते काय आहे ते तपासून सांगायचं. ओळख चुकली की निम्म्याहून जास्त गुण गेले. मग पास होणं अवघड.

पहिल्या दिवशी एका मुलाच्या वाट्याला टर्शरीची बाटली आली. राजारामपुरीतल्या क्लासला जाणारा, चुणचुणीत. त्याने थेंब टाकले आणि नळी लगेच दुधी झाली. "टर्शरी, मॅडम!" मी त्याला पूर्ण गुण दिले. त्या साताऱ्याच्या सरांकडे वळून पाहिलंसुद्धा, बघा आमची मुलं, अशा थाटात. आज आठवलं की माझे मलाच कान धरावेसे वाटतात.

दुसऱ्या दिवशी हुपरीच्या मुलीने चिठ्ठी उचलली आणि नेमकी तीच बाटली निघाली.

तिचं काम मी लांबून बघत होते. ती हळू काम करते. आधी नळ्या डिस्टिल्ड वॉटरने तीनदा विसळल्या. मग एका नळीत नुसतं सिल्व्हर नायट्रेट, दुसरीत नमुना आणि सिल्व्हर नायट्रेट. दोन्ही शेजारी शेजारी धरून उजेडात बघितल्या. मग गरम पाण्यात ठेवल्या. घड्याळाकडे बघत बसली. मला वाटलं, कशाला एवढा वेळ लावते?

मी जवळ गेले. "काय आलं?"

"नॉर्मल हाय, मॅडम. प्रायमरी, टोकाच्या सीटवरचा."

"परत कर."

"दोनदा केलो. गार असताना कायच न्हाई. गरम केल्यावर जरा पांढरं झालं."

मी आवाज खाली आणून म्हटलं, "अगं, ती टर्शरी आहे. काल हीच बाटली दुसऱ्याला आली होती. त्याला टाकताक्षणी पांढरं आलं. तुझंच कुठेतरी चुकतंय."

ती खाली बघतच बोलली. "काल त्यानं नळी नळाखाली धुतली असंल, मॅडम. आपल्या नळाच्या पाण्यात चांदी टाकली की ते तसंच दुधी हुतंय. आमच्यात काका आधी पाणी तपासतो, मग चांदी." आणि तिने एका स्वच्छ नळीत नळाचं चार थेंब पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं. नळी दुधी झाली. अगदी कालच्या मुलाची झाली होती, तशी.

ही गोष्ट मला माहीत नव्हती का? होती. दरवर्षी पहिल्या तासाला मीच सांगते, नळाच्या पाण्यात आधीच क्लोरीन असतो, नळ्या त्या पाण्याने धुऊन तशाच वापरायच्या नाहीत. पण त्या क्षणी मला तिचं म्हणणं पटण्याऐवजी तिचा रागच आला. माझ्याच प्रयोगशाळेत, बाहेरच्या परीक्षकासमोर, एक मुलगी मला शिकवत होती. कानशिलं तापली. मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. वेळ संपत आला आहे. ओळख चुकली आहे तुझी." आणि गुणपत्रिकेवर तिच्या नावासमोर पेन टेकवलं.

तिचा चेहरा बदलला नाही. रडली नाही, हात जोडले नाहीत. फक्त म्हणाली, "उकळबिंदू काढू द्या, मॅडम. धा मिनटात हुतंय. चुकलं तर मी मागनं कायच बोलणार न्हाई."

साताऱ्याचे सर पलीकडून म्हणाले, "काढू द्या की, मॅडम. वेळ आहे अजून."

मी पेन उचललं. मला जराही धाकधूक नव्हती, हे खरं सांगते. मला वाटत होतं, बरं झालं, आता डोळ्यांदेखत पटेल तिला. मी म्हटलंही, "एक्कावन्नला उकळेल. बघ."

तिने बोटाएवढ्या नळीत नमुना घेतला, त्यात एक बारीक नळी उलटी सोडली आणि ती नळी दोऱ्याने थर्मामीटरला बांधली. बीकरमध्ये पाणी, खाली हॉटप्लेट. ही द्रव्यं पेट घेतात, म्हणून बर्नर नको, हे तिने न सांगता पाळलं. पाणी तापायला लागलं. आम्ही तिघं बीकरभोवती, आणि मामा थोडे मागे.

चाळीस. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीसला मी जरा पुढे वाकले, कारण आता उलट्या नळीतून बुडबुड्यांची माळ निघणार होती. पन्नास. एक्कावन्न. बावन्न.

काही नाही. नळीतला द्रव तळ्यासारखा शांत.

साठला मला कळलं. थर्मामीटर खोटा असेल, असं मनाशी म्हणायचाही प्रयत्न केला, पण तो थर्मामीटर मीच आदल्या आठवड्यात बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासला होता. सत्तरला मी तिच्याकडे बघू शकले नाही. मी मामांकडे बघितलं, आणि त्यांनी नजर फिरवली. सत्याहत्तरला पहिले बुडबुडे आले आणि मग माळ लागली, एकसारखी, थांबेचना.

आता बोलायचं मलाच होतं.

"बाटलीवरची चिठ्ठी माझ्या हातची आहे," मी साताऱ्याच्या सरांना म्हटलं. "खंडेनवमीला चिठ्ठ्या सुटल्या होत्या. तपासता आलं नाही, म्हणून मी अंदाजाने लिहिल्या. अंदाज चुकला. हिचं उत्तर बरोबर आहे, चूक माझी आहे. आणि कालच्या मुलाला मी जे गुण दिले, तेही चुकीचे आहेत."

सरांनी हॉटप्लेट बंद केली. मग म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं परीक्षक आहे. नापास मुलं खूप पाहिली, नापास परीक्षक आजच पाहिला." आणि हसले. ते टोचून बोलले नव्हते, पण टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं. कालच्या मुलाला फोन करून बोलावून घेतलं. तो मोटरसायकलवर अर्ध्या तासात आला, दुसरा नमुना घेतला, या वेळी नळ्या नीट विसळल्या आणि चटकन उत्तर बरोबर दिलं. गुणपत्रिका दोघांच्या सहीने दुरुस्त झाली.

मामा मला म्हणाले, "त्याच दिवशी सांगत हुतो की, मॅडम. ह्या बाटलीतलं पोरं लई वततात. पांढरं हुईना झालं की आणि दोन थेंब, हुईना झालं की आणि दोन थेंब. मग सरणार न्हाई तर काय हुईल?"

खरंच होतं. टर्शरी दोन थेंबांत उत्तर देते, म्हणून तिची बाटली भरलेली राहते. नॉर्मल लवकर उत्तर देत नाही, म्हणून सगळे तीच ओतत राहतात. इतकी वर्षं शिकवणारीला हे कळलं नाही. बाटल्या धुणाऱ्याला माहीत होतं, तो सांगायला आला होता, आणि मी त्याला कापूर आणायला पाठवलं.

परीक्षा संपल्यावर मी सामानाच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. पेन टेकवलं होतं मी. आणखी अर्धं मिनिट, आणि त्या मुलीने उरलेलं आयुष्य कड्या जोडत काढलं असतं, आणि मला वाटलं असतं, बिचारी, चांगली होती, पण टेस्ट चुकली. मला कधी कळलंच नसतं. ते सगळ्यात जास्त लागलं.

ती दप्तर भरत होती. मी जाऊन तिच्यापुढे उभी राहिले. "माझी चूक झाली," मी म्हटलं. "मी तुझं ऐकायला हवं होतं."

ती गोंधळली. शिक्षकाने माफी मागायची रीत आपल्याकडे नाही, विद्यार्थ्याने काय उत्तर द्यायचं हेही कुणी शिकवत नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "तुमचं न्हाई ओ मॅडम तसं. चांदी कुणाचंच ऐकत न्हाई. काकाचं पण न्हाई ऐकत."

ती पास झाली. पहिल्या वर्गात.

त्यानंतरच्या खंडेनवमीला आरतीचं तबक सजलेलं असताना मी एकेक बाटली हातात घेऊन चिठ्ठी बघत होते. सगळ्या चिठ्ठ्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावून घेतली आहे, तरी बघितलं. मामा म्हणाले, "मॅडम, आरती थांबलीया." मी म्हटलं, "थांबू दे." ते गालात हसले आणि स्वतःही एक बाटली उचलून बघायला लागले.

या वर्षी उन्हाळ्यात मी हुपरीला गेले. माझ्या सासूबाईंनी लग्नात मला चांदीचे तोडे घातले होते, चांगले जाड, जुन्या घडणीचे. एकाची कडी तुटली होती. सासूबाई सांगायच्या, शंभर नंबरी चांदी आहे, गडहिंग्लजच्या पेठेतून खास घडवून घेतली. मीही पंचवीस वर्षं सगळ्या नातेवाईकांना हेच सांगत आले, तेही खात्रीने, कारण माझी सांगायची पद्धत तीच आहे.

घर सापडायला वेळ लागला नाही. पुढच्या पडवीत बायका कड्या जोडत बसल्या होत्या, त्यातली एक तिची आई. आतल्या खोलीच्या दारात चुलता भेटला. धिप्पाड, मिशाळ, बोलायला फटकळ. मी तोडे दाखवले आणि विचारलं, तुम्ही बघाल का?

"मी कशाला बघू? तपासायला पुतणी बसती आत," तो म्हणाला. "तिनं सांगितलं की मी परत बघत न्हाई. जावा की आत."

ती खिडकीखालच्या टेबलावर बसली होती. मला बघून उठली, वाकून नमस्कार केला, खुर्ची पुढे केली. चहा सांगितला. मग तोडे हातात घेऊन वजन जोखलं.

"चांगली चांदी आहे," मी म्हटलं. "शंभर नंबरी. सासूबाईंनी घडवून घेतलेली. फक्त कडी जोडायची आहे."

"बघूया की, मॅडम."

तिने तोड्याच्या आतल्या बाजूने, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, कानशीने दोनदा घासून घेतलं. कीस नळीत टाकला. पण त्याआधी तिने दुसऱ्या एका रिकाम्या नळीत थोडं अ‍ॅसिड आणि डिस्टिल्ड वॉटर घेऊन, ते खिडकीकडे धरून, स्वच्छ आहे ना, ते बघितलं. मग किसावर अ‍ॅसिड सोडलं. तपकिरी धूर आला. आम्ही दोघी नळीकडे बघत राहिलो. शुद्ध चांदी असती, तर पाणी नितळ राहिलं असतं.

ते हळूहळू हिरवट निळं झालं. तांबं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच.

तिने माझ्याकडे बघितलं. ती थांबली होती, मी काय म्हणते त्यासाठी. माझ्या जिभेवर आलं होतं, परत कर. आलं होतं, हे कबूल करते. पण त्या दोन नळ्या समोर होत्या, एक नितळ, एक निळी.

कडी जोडून झाल्यावर तिने तोडे कागदात गुंडाळले. इथल्या रिवाजाप्रमाणे, तपासलेल्या मालावर एक चिठ्ठी लावतात. तिने पेन घेतलं आणि जरा संकोचून विचारलं, "मॅडम, काय लिहू? का तुम्हीच लिहिताय? तुमचं अक्षर चांगलं हाय."

"नको," मी म्हटलं. "तू बघितलंस, चिठ्ठी तूच लिही."

तिने लिहिलं. तिचं अक्षर काही माझ्याइतकं सुरेख नाही. मी एकदा वाचलं, पुडी पिशवीत ठेवली आणि चहा प्यायले.